साइट देखणी आहे, मग फोन का वाजत नाही?

नमस्कार ताई,

गेलं वर्षभर मी घरबसल्या वेबसाइट बनवायला शिकतेय. पानाचा सांगाडा बांधणारं एचटीएमएल, त्याला रूप देणारं सीएसएस येतं, जावास्क्रिप्ट कामापुरतं, आणि वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार साधनावर बऱ्यापैकी हात बसलाय. ओळखीतल्या दोन लहान व्यावसायिकांना साइट करून दिल्या. त्यातले एक काका घरोघरी जाऊन वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्त करतात. साइट बघून ते खूश झाले, भेटेल त्याला दाखवत होते. परवा, चार महिन्यांनी, म्हणाले, "साइट छानच आहे गं, पण तिच्यावरून एकही फोन आला नाही. पुढच्या वर्षीचे पैसे भरायचे की राहू दे?" मला काय बोलावं सुचेना. एक मित्र म्हणतो रिॲक्ट शीक, वर्डप्रेसला आता कोण विचारतं. मैत्रीण म्हणते एसईओचा, म्हणजे साइट गूगलच्या शोधात वर आणण्याचा, कोर्स कर. भाऊ म्हणतो, एआय दोन मिनिटांत साइट बनवतं, तू कशाला डोकं शिणवतेस. मी नेमकं काय शिकू? आणि काकांना काय सांगू? साइटचा पत्ता सोबत दिलाय.

तुमची वाचक

नमस्कार,

तुमची साइट आधी फोनवर उघडली, मग लॅपटॉपवर. लॅपटॉपवर राइट क्लिक करून पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोडही बघितला, कारण चार महिन्यांत एकसुद्धा फोन नाही म्हणजे नुसतं डिझाइन फसलेलं नसतं, कुठेतरी काहीतरी बंदच असतं. ते सापडलं. पानाच्या वरच्या भागात रोबॉट्सचा मेटा टॅग, म्हणजे सर्च इंजिनांसाठीची सूचना, आहे आणि त्यात 'नोइंडेक्स' आहे. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान असतं. तिथे तळाशी एक चौकोन आहे. त्यात टिक केली की सर्च इंजिनांना 'ही साइट नोंदवू नका' असा निरोप जातो. साइट अर्धवट असताना ती गूगलवर दिसू नये म्हणून ही टिक करतात आणि साइट सुरू करण्याच्या गडबडीत ती काढायची राहते. तुमची राहिली आहे. म्हणजे काकांचं नाव टाकून कुणी शोधलं असतं तरी त्याला ही साइट दिसली नसती.

टिक आजच काढा. मग गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइट शोधात कशी दिसते ते सांगणाऱ्या साधनात, साइट जोडा, मालकीची खात्री करून द्या, साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या. पानं शोधात दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे जातात, त्यामुळे उद्या सकाळपासून फोन वाजेल अशी आशा काकांना लावू नका.

पण एवढ्यावर सुटका नाही. काका भेटेल त्याला साइट दाखवत होते, म्हणजे थोडीफार माणसं तिच्यावर येऊन गेलीच असणार. त्यांच्यातल्याही कुणी तिथून फोन केला नाही. का केला नाही, ते मला फोनवर दिसलं.

आधी एक फिरणारं चक्र. मग पडदाभर फोटो. त्यात हेल्मेट घातलेले, कोऱ्या गणवेशातले, हसरे तंत्रज्ञ, जे फक्त विकतच्या फोटोंमध्येच भेटतात. फोटोवर पांढऱ्या बारीक अक्षरांत 'आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे'. ते वाचून होईतो स्लायडर, म्हणजे आपोआप बदलणारी फोटोंची पट्टी, सरकला आणि 'गुणवत्ता, विश्वास, समाधान' आलं. खाली 'आमच्याविषयी', त्याखाली 'आमचे ध्येय', त्याखाली 'आमची दृष्टी'. काका फ्रिज दुरुस्त करतात हे मला बराच वेळ अंगठा सरकवल्यावर कळलं. नंबर अगदी तळाला, आणि तोही व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोत. फोटोतल्या नंबरवर बोट टेकवून फोन लागत नाही. तो कुठेतरी उतरवून घ्यायचा आणि मग लावायचा. एवढी मेहनत कोण घेतं?

आता या साइटवर येणारं माणूस डोळ्यांसमोर आणा. मशीन मध्येच बंद पडलंय, आत पाणी आणि ओले कपडे, दार उघडत नाही, आणि एका हातात फोन. काकांच्या ध्येयाशी आणि दृष्टीशी त्याला काय देणंघेणं? त्याला कळायला हवं की हे माझं मशीन दुरुस्त करतात का, माझ्या भागात येतात का, आज येतील का, आणि साधारण किती घेतील. मग बोट टेकवलं की फोन लागायला हवा. पहिल्या पडद्यावर याचा मागमूस नसेल तर तो मागे जातो आणि पुढची लिंक उघडतो. चिडूनबिडून जात नाही. काकांचं नावही त्याच्या लक्षात राहिलेलं नसतं.

तेव्हा काय शिकू, या प्रश्नाला माझं उत्तर असं की आधी विचारायला शिका. रिॲक्ट, एसईओ, एआय हे सगळं त्याच्या नंतरचं. लहान व्यवसायाची साइट कामाची होणार की नुसती शोभेची, हे तुम्ही मालकाला पहिल्या बैठकीत काय विचारता त्यावर ठरतं, आणि त्या वेळी तुमचा लॅपटॉप उघडलेलाही नसतो.

मालक सहसा एवढंच म्हणतो की मला वेबसाइट हवी. फार तर दुसऱ्या कुणाची साइट दाखवून म्हणतो, 'अशी'. आपण लगेच रंग, लोगो आणि पानांची संख्या विचारायला लागतो, आणि गाडं तिथेच घसरतं. विचारायचं हे: लोक फोनवर पहिलं वाक्य काय बोलतात? कुठल्या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन तुम्ही कंटाळलात? कुठलं काम वाढलेलं आवडेल, आणि कुठलं काम आलं की कपाळाला आठी पडते? फोन कोण उचलतं, किती ते किती? एखाद्याने चौकशी करून काम दिलं नाही तर ते बहुतेक कशावरून फिसकटतं? हा शेवटचा प्रश्न विचारायला जरा जीभ अडखळते, पण त्याच्या उत्तरातून साइटवर काय लिहायचं ते सगळ्यात जास्त कळतं.

जमलं तर एक दिवस काकांच्या शेजारी वही घेऊन बसा. फोन आला की समोरचा माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. तुमच्या साइटवर 'ड्रेनेज सिस्टीम सर्व्हिसिंग' असं लिहिलंय. फोनवर असं कुणी बोलत नाही. लोक म्हणतात, 'मशीन फिरतंय पण पाणी जात नाही', 'फ्रिज चालू आहे पण खालचा कप्पा गार होत नाही', 'मशीन चालताना जागेवरून सरकतं'. लोक शोधतातही याच भाषेत, कारण बिघाडाचं तांत्रिक नाव त्यांना ठाऊक नसतं, लक्षण ठाऊक असतं. वहीतली ही वाक्यं उद्या तुमच्या पानांची शीर्षकं होतील. कीवर्ड शोधण्याची जी साधनं विकत मिळतात, त्यांच्याआधी ही वही वापरा.

आणि मालकाला कधीही 'मजकूर पाठवा' म्हणून सांगू नका. तो पाठवत नाही. आळशी असतो म्हणून नव्हे; कोरा कागद समोर आला की फ्रिज दुरुस्त करणारा माणूसही 'आमच्याकडे तत्पर व दर्जेदार सेवा पुरविली जाईल' असं सरकारी पत्रासारखं लिहायला लागतो. त्यापेक्षा गप्पा मारा, त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि लिहायचं काम स्वतःकडे ठेवा. अर्धवट राहिलेल्या साइटपैकी निम्म्या तरी मजकुराची वाट बघतच पडून असतात असं मला वाटतं.

तुमचा पहिला पडदा मी असा लिहीन. ठळक अक्षरांत: 'वॉशिंग मशीन किंवा फ्रिज बंद पडलाय? घरी येऊन दुरुस्त करतो.' त्याखाली साध्या अक्षरांत: 'सकाळी ९ ते रात्री ८ फोन करा. कधी येऊ शकतो ते फोनवरच सांगतो.' त्याखाली अंगठ्याला सहज सापडेल असं बटण, 'फोन करा', आणि शेजारी 'व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा'. हे दुसरं बटण मी मुद्दाम घालतेय. मशीनवरचा एररचा आकडा किंवा मागचं मॉडेलचं लेबल फोटोत आलं की काकांना निघायच्या आधीच कळतं, कुठला सुटा भाग सोबत घ्यायचा. बटणाखाली ते कुठल्या भागांत जातात ती नावं आणि कुठल्या कंपन्यांची मशीन हाताळतात. मग काकांचा खरा फोटो, हातात पाना असलेला, कामाच्या कपड्यांतला. घरात परका माणूस घ्यायचा असतो, तेव्हा येणारा माणूस कोण हे आधी दिसलेलं लोकांना बरं वाटतं.

स्लायडर काढून टाका. त्याची बाजू घेणारे अजून भेटतात, पण पहिल्या चित्रापुढे थांबून बघत बसायला फोनवरच्या माणसाला सवड नसते. 'आमचे ध्येय' आणि 'आमची दृष्टी' ही पानंही काढा. काका किती वर्षं हे काम करतात आणि कुठे शिकले, हे दोन ओळींत 'आमच्याविषयी'मध्ये राहू द्या.

पैशांबद्दल काका म्हणतील, 'आकडा टाकला तर बाकीचे बघतील'. बघू द्या. नेमका आकडा टाकता येत नसेल तर पैसे कसे ठरतात ते तरी लिहा: येऊन बघण्याचे वेगळे पडतात की नाही, दुरुस्ती करून घेतली तर ते बिलातून वजा होतात का, सुट्या भागांची पावती मिळते का, आणि तोच बिघाड पुन्हा झाला तर काय. एवढं वाचलेला माणूस फोन करतो तेव्हा त्याची मनाची तयारी झालेली असते, आणि काकांचाही वेळ वाचतो.

आता तांत्रिक भाग. तुम्हाला जे येतं ते या कामाला पुरेसं आहे, फक्त ते नेमकं कुठे लावायचं ते बघा.

नंबर मजकुरात हवा आणि त्याला टेल-लिंक, म्हणजे बोट टेकवताच फोन लागेल अशी लिंक, हवी. एचटीएमएलची एक ओळ आहे, आणि तुमच्या अख्ख्या साइटवर एवढी मोलाची ओळ दुसरी नसेल. तुमचा संपर्काचा फॉर्म मी भरून बघितला. त्यात आठ रकाने आहेत. 'विषय' कशाला हवा? ईमेलचा पत्ता सक्तीचा कशाला? नाव, नंबर आणि काय बिघडलंय, एवढे तीन पुरेत. नंबरच्या रकान्याला 'टेल' हा प्रकार द्या, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, नाहीतर आयफोनवर रकान्यात बोट टेकवताच पान आपोआप मोठं होतं आणि माणूस गोंधळतो. प्रत्येक रकान्याला खरं लेबल द्या. आतल्या फिकट सूचनेवर भागवू नका, लिहायला सुरुवात केली की ती पुसली जाते. आणि फॉर्म भरल्यावर काकांपर्यंत मेल पोचतो का, हे स्वतः करून बघा. वर्डप्रेसचा फॉर्म सर्व्हरच्या साध्या मेल फंक्शनमधून मेल पाठवत असेल तर तो बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतो किंवा पोचतच नाही. एसएमटीपी, म्हणजे खऱ्या मेल खात्यातून मेल पाठवायची सोय, जोडून घ्या. चार महिन्यांत कुणी फॉर्म भरलाच नाही, की भरला आणि काकांच्या स्पॅममध्ये पडून आहे, हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही. काकांना स्पॅमचा कप्पा उघडून बघायला सांगा.

फोटो. फोनने काढलेला फोटो सहज चार हजार पिक्सेल रुंद आणि काही एमबीचा असतो. तो तसाच चढवून सीएसएसने लहान दाखवला तरी समोरच्याच्या फोनवर पूर्ण वजनानिशीच उतरतो. आधी रुंदी कमी करा, वेबपी या हलक्या फोटो-स्वरूपात साठवा, आणि टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा म्हणजे फोटो येताना खालचा मजकूर उडी मारणार नाही. ती उडी फार वाईट. माणूस 'फोन करा'वर बोट नेतो, तेवढ्यात पान सरकतं आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. गूगल याच गोष्टी कोअर वेब व्हायटल्स म्हणून मोजतं. मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनात पत्ता टाकला की हिशोब समोर येतो. तिथे शंभरपैकी शंभर मिळवायच्या नादाला मात्र लागू नका. त्यात आठवडे जातात आणि काकांचा फोन एकदाही जास्त वाजत नाही. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वाय-फाय बंद करा आणि साइट उघडा. तुम्हाला वाट बघवत नसेल तर ग्राहकालाही बघवणार नाही.

अक्षरांचा रंग. फिकट करड्यावर पांढरं डिझाइनच्या नमुन्यात देखणं दिसतं, भर उन्हात फोनवर काहीही दिसत नाही. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ ला १ सांगितलाय. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये रंगावर क्लिक केलं की तो आकडा दिसतो. मजकूर देवनागरीत असेल तर ओळींमधलं अंतरही थोडं वाढवा. इंग्रजी अक्षरांसाठी बनवलेल्या थीममध्ये वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात.

एवढं झालं की साइट तीन-चार अशा माणसांच्या हातात द्या ज्यांनी ती पाहिलेली नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांवर चाचणी घेतली तरी वापरातल्या बहुतेक अडचणी उघड्या पडतात. मोठ्या साइटच्या बाबतीत त्यावर पुढे बरेच वाद झाले, पण आपल्या पाच पानांना तेवढे लोक भरपूर झाले. 'साइट कशी वाटली?' असं विचारू नका, सगळे 'छान' म्हणतात. सांगायचं, 'तुमचा फ्रिज गार होत नाहीये. काय कराल?' आणि गप्प बसायचं. सगळ्यात अवघड काम तेच. त्यांचा अंगठा चुकीच्या ठिकाणी घुटमळायला लागला की आपल्या तोंडून 'वर बघा ना' निघून जातं. ग्राहकाच्या शेजारी बसून कुणी 'वर बघा ना' म्हणत नाही. म्हणून तोंड मिटून बघा, अंगठा कुठे थांबला ते टिपून ठेवा आणि मग साइटच बदला.

मैत्रिणीचं एसईओबद्दलचं म्हणणं अगदीच वावगं नाही, पण काकांसारख्या व्यवसायाला लागणारा एसईओ कोर्सएवढा मोठा नसतो. जवळचा दुरुस्तीवाला शोधणाऱ्याला गूगल बऱ्याचदा आधी नकाशा आणि त्याखालची यादी दाखवतं. त्या यादीत यायला लागतं गूगल बिझनेस प्रोफाइल, आणि ते फुकट आहे. ते काकांच्या नावे उघडा. ते स्वतः ग्राहकाकडे जातात, म्हणून घराचा पत्ता जाहीर न करता सेवा देण्याचे भाग नोंदवता येतात. वेळा खऱ्या लिहा, प्रकार नेमका निवडा, नाव आणि नंबर साइटवर आहेत तसेच्या तसे ठेवा. स्थानिक यादीतला क्रम शोधाशी जुळणं, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी यांवर ठरतो असं गूगल स्वतःच सांगतं. अंतर आपल्या हातात नाही, बाकी दोहोंवर काम करता येतं. काम झाल्यावर खूश असलेल्या ग्राहकाला अभिप्राय लिहायची विनंती काकांनी जरूर करावी. पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय लिहून घेऊ नयेत, ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. स्पष्ट सांगायचं तर सुरुवातीला या प्रोफाइलवरून साइटपेक्षा जास्त फोन येतील. त्याने कमीपणा वाटून घेऊ नका. प्रोफाइल बघून निम्मा विश्वास बसलेला माणूस उरलेल्या खात्रीसाठी साइटवर येतो.

साइटवर करायचं ते थोडकं आहे. तुमच्या मुख्य पानाचं टायटल आत्ता 'होम' आहे. शोधणाऱ्याला निळ्या अक्षरांत 'होम' दिसणार, तो त्यावर का बोट टेकवेल? तिथे काम आणि भाग दोन्ही आले पाहिजेत. वॉशिंग मशीन आणि फ्रिज यांची वेगळी पानं करा, त्यांत वहीतली लक्षणं आणि त्यांवरची काकांची उत्तरं येऊ द्या. मेटा कीवर्डच्या, म्हणजे सर्च इंजिनांसाठीच्या न दिसणाऱ्या शब्दांच्या, रकान्यात तुम्ही तीसेक शब्द कोंबलेत. क्रम लावताना आपण ते बघत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. आणि 'पहिल्या पानावर आणून देतो' अशी हमी देणारे फोन काकांना येतील. त्यांना पैसे देऊ नका म्हणून आधीच बजावून ठेवा.

एकही फोन आला नाही, हे काकांना कसं कळलं, तेही विचारा. बहुधा अंदाजाने. फोन करणारा आपणहून 'साइट बघून करतोय' असं म्हणत नाही. इथून पुढे प्रत्येक फोनला 'नंबर कुठून मिळाला?' एवढं विचारून काकांनी फोनशेजारच्या वहीत रेघ ओढावी. तुमच्या बाजूने टेल-लिंकवरच्या क्लिकची नोंद ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरचा वावर मोजणाऱ्या साधनात, ठेवा आणि महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमध्ये लोक काय शोधून आले ते बघा. वहीतल्या रेघा आणि क्लिक तंतोतंत जुळणार नाहीत. नाही जुळल्या तरी चालेल, वाढतायत की नाही एवढं कळलं म्हणजे झालं.

मित्राच्या रिॲक्टबद्दल. रिॲक्ट हे जावास्क्रिप्टचं साधन फेसबुकने २०१३ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. पडद्यावर सतत काहीतरी बदलत राहतं अशा ॲप्लिकेशनसाठी ते चांगलं आहे, आणि नोकरी करायची असेल तर शिकाही. पाच पानांच्या साइटला त्याची गरज नाही. वर्डप्रेस २००३ पासून आहे आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक साइट त्यावर चालतात, तेव्हा त्याला कोण विचारतं हे मित्रालाच विचारा. तरी वर्डप्रेसच हवं असंही नाही. काकांना स्वतः काही बदलायचंच नसेल तर साधी एचटीएमएलची पानंसुद्धा उत्तम. ती वेगवान असतात आणि त्यांत बिघडण्यासारखं फार काही नसतं. साधन निवडताना मी एकच बघते: दोन वर्षांनी तुम्ही दुसऱ्या कामात असाल, तेव्हा कामाची वेळ बदलली तर ती साइटवर कोण बदलणार आणि त्याला ते जमेल का.

भावाचं खरं आहे, एआय दोन मिनिटांत साइट बनवतं. त्या साइटवर 'गुणवत्ता, विश्वास, समाधान' अगदी बिनचूक छापलेलं असतं. काकांच्या फोनवर लोक काय बोलतात हे त्याला ठाऊक नाही, ते तुमच्या वहीत आहे. वही भरली की एआयला खुशाल कामाला लावा: कोड लिहून घ्या, सीएसएसमधली चूक शोधून घ्या, लांबलेलं वाक्य आखडून घ्या. फक्त ग्राहकांचे अभिप्राय त्याच्याकडून लिहून घेऊ नका. खोटे अभिप्राय ओळखू येतात, आणि न आले तरी ती फसवणूकच.

एक कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट. डोमेन, म्हणजे साइटचं पत्त्यातलं नाव, कुणाच्या नावावर आहे? तुमच्या असेल तर काकांच्या नावावर आणि त्यांच्या ईमेलवर करून द्या. होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवलेल्या सर्व्हरवरच्या जागेचं, तसंच. कारागीर बदलला किंवा फोन उचलेनासा झाला की लहान मालकांच्या साइट अशाच कायमच्या हातच्या जातात. मुदत संपून ठरावीक काळ उलटला की ते नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं, आणि मग गाडीवर, पावतीवर, कार्डावर छापलेला पत्ता भलत्याच्या दारात नेतो. सगळी खाती, लॉगिन आणि मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून काकांना द्या, पासवर्ड वेगळे द्या. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, आहे का तेही बघा. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे त्यासाठीचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, आणि ते नसेल तर क्रोम २०१८ पासून पत्त्याशेजारी 'सुरक्षित नाही' असं दाखवतो. तुमच्या साइटवर तेवीस प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेल्या सोयी, आहेत. हिमकण पाडणारं तर आजच काढा. उरलेल्यांतलं ज्याचं काम तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नाही तेही काढा, पण आधी बॅकअप घ्या. बॅकअप साइटच्याच सर्व्हरवर ठेवला तर तो घेतला नाही असंच समजा.

शिकायचं कुठून म्हणाल तर विकतच्या कोर्सची घाई नको. मोझिलाचं एमडीएन हे वेबचं काम शिकवणारं संकेतस्थळ फुकट आहे. त्यातलं फॉर्मचं आणि सुगम्यतेचं प्रकरण सावकाश, हाताने करून बघत वाचा. बहुतेक जण ती दोन्ही ओलांडून पुढे ॲनिमेशनवर जातात. सोबत लिहायला शिका, म्हणजे खरं तर कापायला. तुमच्या जुन्या मुख्य पानावरचं एकेक वाक्य घ्या आणि ते दुसऱ्या कुठल्याही व्यवसायाच्या साइटवर जसंच्या तसं चालेल का ते बघा. चालत असेल तर खोडा. खोडता खोडता काय उरतं ते बघून जरा धक्का बसेल, पण हात त्यानेच वळतो. आणि तिसरी साइट घेण्याआधी काकांची ही साइट पुरी करा. एकच साइट सहा महिने सांभाळली, तिच्या वह्या आणि क्लिक बघितले, की जे कळतं ते दहा नव्या साइट करून कळत नाही.

काकांना सांगा: 'काका, डोमेनचे पैसे भरा, नाव सोडू नका. साइट गूगलवर दिसत नव्हती. एक सेटिंग माझ्याकडून राहिलं होतं, ते आज दुरुस्त केलं. आता मला एक दिवस तुमच्या फोनशेजारी बसायचंय, लोक काय विचारतात ते ऐकायला. त्यावरून पहिलं पान नव्याने लिहिते. तीन महिने फोन मोजू, मग साइट ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा.' सेटिंगची गोष्ट लपवू नका. ते त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुमच्या बाकीच्या कामावरचा विश्वासही उडेल.

पैशांचं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. राहिलेल्या टिकचे, लांबलचक फॉर्मचे आणि फोटोतल्या नंबरचे पैसे घेऊ नका, ते तुमच्याच कामातलं उरलेलं काम आहे. वॉशिंग मशीन आणि फ्रिजची नवी पानं, बिझनेस प्रोफाइल आणि वर्षभराची देखभाल हे नवं काम. त्याचे घ्या, आणि त्यात काय येतं, बदल किती वेळा करून देणार, बॅकअप कोण बघणार हे आधी एका कागदावर लिहून दोघांनी सही करा.